नऊ तासांचा हिशेब

"लंडनहून मुंबईला यायला विमानाला किती तास लागतात?" असे मला गावाकडून फोनवर विचारले, तेव्हा मी पटकन सांगितले, "नऊ तास." उत्तर चुकीचे नव्हते. आजही कोणी विचारले तर तेच सांगावे लागेल. पण त्या नऊ तासांवर भरवसा ठेवून आमच्या भावकीत दीड दिवस चूल पेटली नाही, आणि ज्याच्यासाठी सगळे थांबले तो वेळेवर पोचलाच नाही. हा घोटाळा कसा झाला ते सांगतो. आता गावोगावची मुले परदेशी आहेत. ही वेळ कोणाच्याही उंबऱ्याशी येऊ शकते.

आमचे गाव साताऱ्याच्या माण तालुक्यात, दहिवडीच्या पुढे. पावसाने पाठ फिरवलेला मुलूख. घरटी एक माणूस पोटामागे मुंबईला, अशी आमच्याकडची रीत. मी १९७९ साली भाईंदरला आलो आणि स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या कामाला लागलो. तेव्हा मीरा-भाईंदरची नगरपालिकाही झाली नव्हती, ती १९८५ साली झाली, आणि महानगरपालिका २००२ साली. स्टेशनातून बाहेर पडले की मिठागरे दिसत, उन्हात मिठाचे पांढरे ढीग डोळ्यांवर येत, आणि उत्तरेला वसईची खाडी. पुढे सगळीकडे इमारती उठल्या. मी मात्र गावाच्या लेखी "मुंबईवाला" तो मुंबईवालाच राहिलो. दवाखाना, भरती, कोर्टकचेरी, विमान, काहीही असो, "भाईंदरला फोन लावा" असे ठरलेले.

१९८३ साली आमचे वडील, आण्णा, गेले. तेव्हा फोन कुठला? तार आली. "फादर सिरियस, स्टार्ट इमिजिएटली." गावाकडची तार "सिरियस" म्हणाली की माणूस गेलेला असतो, हे आम्हा चाळीतल्या सगळ्यांना ठाऊक होते. आण्णा मंगळवारी सकाळी गेले, दुपारी कोणीतरी दहिवडीला जाऊन तार केली, ती मला बुधवारी सकाळी रात्रपाळीहून आल्यावर मिळाली. पैशांची जुळवाजुळव, मग लोकल, मग मुंबई सेंट्रलहून रात्रीची एसटी, साताऱ्याहून दुसरी एसटी, पुढे पायी. गुरुवारी घरी पोचलो तेव्हा मंडळी राख सावडून परतत होती. थोरले बंधू आबा एवढेच म्हणाले, "तू यीशील म्हणून मंगळवारी दिस बुडेस्तोवर थांबलो हुतो."

सव्वातीनशे किलोमीटरला मला दोन दिवस लागले होते.

आमच्या साताऱ्याला खुद्द विलायतेची वाटही जुनीच आहे. १८३९ साली इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांची गादी काढून घेतली, तेव्हा त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि तिथे सुमारे चौदा वर्षे खेटे घालत राहिले. महाराज १८४७ साली काशीला वारले तेव्हा रंगो बापूजी लंडनलाच होते. सुएझचा कालवा नव्हता, हिंदुस्थानातून तार नव्हती. धनी गेल्याची बातमी त्या माणसाला कित्येक आठवड्यांनी मिळाली असणार. कोणी त्याची वाट बघत थांबले असेल, असा प्रश्नच नव्हता. माझ्या मते वाट बघण्याचा खरा घोर विमान आल्यापासून लागला. माणूस येऊ शकतो हे कळले, म्हणून तर थांबायचे.

आबांचा थोरला मुलगा इंग्लंडात लेस्टर नावाच्या शहरी कंपनीत नोकरीला. धाकटा गावी, शेती आणि चार म्हशी बघतो. २०१८ सालच्या जानेवारीत एका गुरुवारी सकाळी दहा वाजता आबा गोठ्यातच बसले आणि गेले. धाकट्याने मला फोन केला, मी थोरल्याला केला. तिकडे पहाटेचे साडेचार वाजले होते. पोर आधी काही बोललेच नाही. मग म्हणाले, "काका, मी येईपर्यंत थांबवा. मला तोंड बघायचंय."

दोन तासांनी त्याचा पुन्हा फोन आला. "आज रात्री साडेनऊचं विमान मिळालं."

मी लगेच बोटांवर हिशेब केला. रात्री साडेनऊ, अधिक नऊ तास, सकाळी साडेसहा. सहारच्या विमानतळावरून गाडीने सात-साडेसात तास. मी गावी कळवले, "उद्या दुपारी दोनपर्यंत पोराला घेऊन दारात येतो." भावकीतले तात्या म्हणाले, "दोन म्हंजी नक्की दोन?" मी म्हणालो, "नक्की."

आबा माझे सख्खे भाऊ. मी गुरुवारी दुपारीच गाडी करून निघालो असतो तर रात्री घरी पोचलो असतो. पण पोर एकटे कसे येईल, म्हणून मी भाईंदरलाच थांबलो. गावात दहिवडीहून बर्फाच्या लाद्या आणल्या, भुसा आणला, पाव्हण्यांना निरोप गेले. रात्रभर भजन चालले.

शुक्रवारी पहाटे चारला मी भाड्याची गाडी घेऊन निघालो, आणि साडेसहाला विमानतळावर त्या मोठ्या फळ्यासमोर उभा राहिलो. लंडनच्या विमानापुढे आकडा होता १२.०५. मी गणवेशातल्या एका मुलाला विचारले, "विमान किती लेट आहे?" तो म्हणाला, "काका, वेळेवरच आहे."

तेव्हा डोक्यात उजेड पडला. साडेनऊ हे पोराचे साडेनऊ होते. लंडनचे. आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजतात. गुरुवारी सकाळी मीच त्याला झोपेतून उठवले होते, तिकडे साडेचार वाजलेत हे मला माहीत होते, आणि तरीही तिकिटाची वेळ ऐकताना ते डोक्यात आले नाही. दुःखात माणूस आकडे ऐकतो, अर्थ ऐकत नाही.

पुढचे सांगायला अजून जड जाते. मी गावी फोन केला आणि म्हणालो, "विमान लेट आहे." ते खोटे होते. माझा हिशेब चुकला, असे मला तात्यांना सांगवले नाही. इतकी वर्षे मुंबईत राहून गडी घड्याळ वाचेना, असे लोक म्हणतील ही लाज. आणि एकदा "लेट" म्हटल्यावर खरी वेळही सांगता येईना. "चार-पाच वाजतील," असे मोघम बोललो. तेव्हाच नीट मांडले असते, तर रात्रीचे नऊ सांगावे लागले असते.

विमान बाराला उतरले. पोराजवळ खांद्यावरची एक पिशवी होती, तरी पासपोर्टच्या रांगेतून बाहेर यायला त्याला तास लागला. एकला निघालो. शीव-पनवेल रस्ता, घाट, पुण्याबाहेरची गर्दी, शुक्रवारची संध्याकाळ, मग खंबाटकीत ट्रकांची रांग. साडेपाचला आम्ही अजून खंबाटकीतच होतो, तेव्हा धाकट्याचा फोन आला. "काका, आता थांबवत न्हाई. बर्फबी संपलाय. तात्या म्हनत्यात, दिवेलागणीच्या आत करायला पायजे." मी फोन थोरल्याकडे दिला. तो म्हणाला, "कर." एवढेच. सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी, कोणी काही बोलले नाही. नऊ वाजता पोचलो आणि तसेच नदीकाठी गेलो. निखारे होते.

गुरुवारी दहा ते शुक्रवारी रात्री नऊ, पस्तीस तास. त्यातले हवेतले नऊ. हे मी नंतर कागदावर मांडले. पहाटे साडेचारला फोन. तिकडून मुंबईला येणारी विमाने सकाळी आणि रात्री निघतात. सकाळचे गाठायचे तर लेस्टरहून लंडनचा विमानतळ अडीच तास आणि विमानाआधी तीन तास हजर राहायचे, ते जमणारच नव्हते. म्हणून दिवस तिकडेच गेला. पोर दुपारपासून विमानतळाच्या बाकावर बसून होते. मग नऊ तास विमान, तास रांगेत, आठ तास रस्ता. गुरुवारी दुपारीच मी "उद्या रात्री नऊ" म्हटले असते, तर तात्यांनी आणि वहिनींनी काय तो निर्णय त्याच दिवशी घेतला असता. एक तर संध्याकाळीच सगळे उरकले असते, किंवा साताऱ्याहून शीतपेटी मागवून शनिवार सकाळपर्यंत थांबले असते. दोन्हीला लोक तयार होते. माझ्या "दोन" ने दोन्ही घालवले.

तेव्हापासून मी एक वही केली. भाईंदरला खुंटीला टांगलेली असते. कोणाचे कोण कुठे आहे, तिथे आपल्यापेक्षा घड्याळ किती मागे किंवा पुढे, मुंबईला थेट विमान आहे की मध्ये बदलावे लागते, शहरापासून विमानतळ किती लांब. आणि ज्याने तिकडचे नागरिकत्व घेतले आहे, त्याच्याजवळ भारतात येण्याचे कागद तयार आहेत का, हेही. ते नसतील तर सगळे तास वाया. वेळ लिहिताना पुढे "त्यांची" किंवा "आपली" असा शब्द लिहिल्याशिवाय मी आकडा टाकत नाही. चाळीतले लोक आधी हसले, आता विचारायला येतात.

घड्याळाचा हिशेब अवघड नाही. पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवर लावलेले आहे, ती रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. लंडनजवळ ग्रीनिच येथे शून्य. साडेब्याऐंशीला पंधराने भागा, साडेपाच तास येतात. मात्र तिकडचे लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात, म्हणून उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचाच उरतो.

२०१९ च्या मे महिन्यात थोरल्याने आईला तिकडे बोलावले. वहिनींना एकटीला पाठवायचे नाही, म्हणून माझेही तिकीट काढले. वहिनी पासष्टच्या, मी त्यांच्याहून दोन वर्षांनी मोठा, आणि दोघांचाही विमानात पाय पहिल्यांदा. त्या आदल्या दिवशी एसटीने भाईंदरला आल्या. सकाळी नऊला घर सोडले, दुपारी दीडला विमान हलले. घरापासून विमानतळ पंचवीस किलोमीटर, आणि तेवढ्यात आमचे साडेचार तास गेले, हेही वहीत लिहिले.

समोरच्या बाकाच्या पाठीला छोटा पडदा होता. त्यावर नकाशा, आणि आकडे: किती अंतर राहिले, किती वेळ राहिला, उंची, वेग, बाहेरची थंडी. वहिनी सिनेमा सोडून तोच नकाशा बघत बसल्या. मध्येच म्हणाल्या, "भावजी, हे येडंवाकडं का चाललंय? सरळ का न्हाई जात?"

त्यांचा प्रश्न दोन अर्थांनी बरोबर होता. एक तर त्या वर्षी फेब्रुवारीच्या अखेरीपासून पाकिस्तानने आकाश बंद केले होते, ते जुलैच्या मध्याला उघडले. त्यामुळे आमचे विमान समुद्रावरून वळसा घेत गेले. (२०२५ च्या एप्रिलमध्ये आपल्या कंपन्यांच्या विमानांना तो रस्ता पुन्हा बंद झाला. जमिनीवरच्या भांडणाचा वळसा आभाळातही पडतो.) दुसरे म्हणजे, आभाळातला सरळ रस्ता नकाशावर सरळ दिसतच नाही. घरात लाल भोपळा असेल तर घ्या, त्यावर खडूने दोन खुणा करा आणि दोन्हींमध्ये दोरा ताणून धरा. तोच जवळचा रस्ता. पण भोपळ्याची साल काढून पाटावर सपाट पसरली, तर दोऱ्याची खूण वाकडी दिसेल. शाळेतला नकाशा म्हणजे ती सपाट केलेली साल. मुंबई ते लंडन दोऱ्याने मोजले तर सुमारे ७,२०० किलोमीटर, मुंबई ते न्यूयॉर्क सुमारे १२,५०० किलोमीटर, आणि त्या न्यूयॉर्कचा दोरा तर पार बर्फाळ उत्तरेकडून जातो.

येताना नऊ तास लागतात आणि जाताना दहा किंवा जास्त, याचे कारण मला आधी कोणीतरी चुकीचे सांगितले होते, की पृथ्वी खाली फिरते म्हणून. तसे नसते. पृथ्वीबरोबर हवाही फिरते, आणि हवेबरोबर विमान. चालत्या एसटीत सुपारी वर उडवली तर ती आपल्याच हातात पडते, मागच्या माणसाच्या डोक्यात नाही. खरे कारण वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहत असतो, थंडीत तो आणखी जोर धरतो. भारताकडे येताना तो पाठीशी, जाताना छातीवर. बैलगाडीला उतार आणि चढ असतो, तसेच. २०२० च्या फेब्रुवारीत वादळामुळे हा वारा इतका चढला, की न्यूयॉर्कहून लंडनला एक प्रवासी विमान पाच तासांच्या आत पोचले; एरवी सहा-सात तास लागतात. आमच्या पडद्यावर समोरून वारा ताशी साठ-सत्तर किलोमीटर दाखवत होते. विमान ताशी साडेआठशेच्या आसपास पळते, त्यातून तेवढे वजा.

दहा तास एका जागी बसून गुडघे धरले, तरी तक्रार करायला तोंड नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघाले, तेव्हा ते कैरो आणि जिनिव्हाला थांबे घेत गेले होते. त्याआधी तर बोट.

माझ्या मनगटावरच्या घड्याळात रात्रीचे दहा वाजले आणि खिडकीबाहेर लख्ख ऊन. आम्ही पश्चिमेला पळत होतो, सूर्यही पश्चिमेला, त्यामुळे दिवस मावळेचना. आजूबाजूची माणसे खिडक्या ओढून झोपली होती. वहिनींनी पिशवीतली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली, अर्धी मला दिली. पडद्यावर राहिलेला वेळ होता दोन तास पाच मिनिटे.

तेव्हा मी ते बोललो. "वहिनी, त्या दिवशी विमान लेट नव्हतं. माझाच हिशेब चुकला."

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाल्या, "ठावं हाय. पोरानं तवाच सांगितलं हुतं, इमान येळंवर उतरलं म्हनून." थोड्या वेळाने म्हणाल्या, "तुम्ही दोन म्हनला, म्हनून मी दोन वाजंस्तोवर ह्यांच्या तोंडावरचं फडकं काडूनच ठिवलं हुतं. पोर यील आन् बगंल म्हनून. मग झाकलं."

त्यावर मला काही बोलता आले नाही. त्यांनीही विषय वाढवला नाही. पाणी मागून घेतले, आणि पुन्हा नकाशा बघू लागल्या.

उतरलो तेव्हा माझ्या घड्याळात मध्यरात्र होती आणि लंडनमध्ये संध्याकाळचे साडेसात. थोरला दाराशीच उभा होता. मी तिथल्या तिथे घड्याळाची किल्ली ओढून साडेचार तास मागे केले. वहिनींच्या पिशवीत आबांचे जुने घड्याळ होते. थोरला म्हणाला, "आई, दे, तुझंबी लावतो." त्यांनी ते हातात घट्ट धरले आणि दिले नाही.

महिनाभर लेस्टरच्या त्या स्वयंपाकघरात ते घड्याळ साखरेच्या डब्याशेजारी गावाची वेळ दाखवत होते. दुपारचा एक वाजला, सून ताटे मांडायला लागली, की वहिनी त्याच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "साडेपाच वाजलं. धाकट्यानं धारंला बादली घेतली आसंल."